मोह पडायच्या आधी: अस्वलाबद्दल वनविभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. उपवनसंरक्षक साहेब,
आणि आमच्या तालुक्याचे वनपरिक्षेत्र अधिकारी व तालुका आरोग्य अधिकारी

विषय: मोह आणि तेंदूच्या हंगामात अस्वलापासून माणसं वाचवण्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या गावाच्या पांदणीच्या तोंडाशी तुमच्या विभागाने एक फलक लावला. वर वाघाचं चित्र आहे. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, ‘वन्यप्राण्यांचा वावर. जंगलात प्रवेश करू नये. केल्यास स्वतःच्या जबाबदारीवर.’ फलक रोवणारी मुलं आमच्याच गावची. त्यांच्यातल्या दोघांच्या आया पंधरा दिवसांनी त्याच फलकाखालून टोपली घेऊन मोह वेचायला जाणार आहेत. मीही त्या फलकापुढे बराच वेळ उभी राहिले आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. ते सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, म्हणून ते आवक-जावकच्या खिडकीत न देता उघड लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझं डी.एड. मोहफुलांवर झालं. आई फाल्गुन-चैत्रात फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, थोडी घरात ठेवून बाकीची विकायची आणि त्यातून माझ्या खानावळीचे पैसे यायचे. पुढे वैशाखात तेंदूपत्ता. 70 पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून दुपारपर्यंत फळीवर, म्हणजे पानं मोजून घेणाऱ्या ठेकेदाराच्या केंद्रावर, न्यायचे. आमच्या भागातल्या बहुतेक घरांचं वर्ष या दोन हंगामांवर चालतं. ‘जंगलात जाऊ नये’ हे वाक्य आमच्याकडे ‘शेतात जाऊ नये’ असं ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात, पहाटे पाचच्या सुमारास, आई आणि काकू नाल्यापलीकडच्या मोहाकडे गेल्या. फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत पडत राहतात. उजाडेपर्यंत थांबलं तर गुरं, चितळं खाऊन जातात, म्हणून बायका अंधारात निघतात. काकू एका झाडाखाली बसली, आई पन्नास पावलांवर दुसऱ्या. दोघी गप्प, कारण वेचताना कोण बोलतं? आईची मान खाली होती. झाडाच्या पलीकडच्या बाजूला अस्वल होतं, त्याचीही मान खाली होती, तेही तीच फुलं खात होतं. दोघांना एकमेकांचा पत्ता लागला तेव्हा अंतर चार हातांचं होतं.

काकूच्या ओरडण्याने अस्वल निघून गेलं. सगळं मिनिटभरात झालं असेल. आईच्या डोक्याची कातडी सोलली गेली, जबडा मोडला आणि डावा डोळा कायमचा गेला. पुढच्या चार महिन्यांत तीन शस्त्रक्रिया झाल्या. आज ती भात मऊ करून खाते, चेहऱ्यावर पदर ओढून बाजारात जाते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, ‘जनावरच ते, त्याले का समजते?’

तुमचे कर्मचारी दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘एवढ्या पहाटे जंगलात कशाला गेल्या होत्या?’

माझ्या तक्रारी त्या प्रश्नापासून सुरू होतात.

वनहक्क कायदा 2006 चा आहे. त्याच्या कलम 3(1)(ग) मध्ये गौण वनोपज गोळा करण्याचा आमचा हक्क लिहिलेला आहे. मोहफूल आणि तेंदूपान दोन्ही त्यात येतात. आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा मिळालेला आहे, त्याचा कागद ग्रामसभेच्या पेटीत आहे. मग माझी आई जंगलात ‘कशाला’ गेली होती, हा प्रश्न तिला का विचारला जातो? आणि कायद्याने मिळालेल्या हक्कापुढे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द कोणत्या अधिकाराने लिहिले जातात? फलक लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण या शब्दांचा परिणाम मी पाहते. गेल्या वर्षी शेजारच्या पाड्यावर एका माणसाला अस्वलाने ओरबाडलं. त्याने दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही, कारण त्याला वाटलं की आपण गुन्हा केलाय. अस्वलाच्या जखमेत दोन दिवस किती मोलाचे असतात हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तुम्हाला सांगावं.

दुसरी तक्रार फलकावरच्या चित्राची आहे. आमच्या भागात वाघ आहे आणि त्याचं भय खोटं नाही. वाघाने माणसं मारली, त्या घरांचं दुःख मी जवळून बघितलंय. तुमच्या विभागाने त्यासाठी गावोगावी प्राथमिक कृती दलं उभी केली, पोरांना शिट्ट्या, काठ्या, बॅटऱ्या दिल्या. ते काम चांगलं झालं आणि मी ते मान्य करते. पण अस्वल या सगळ्यात कुठेच नाही. आमच्या दलातल्या मुलांना मी विचारलं, अस्वल समोर आलं तर काय करायचं? तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला झाडावर चढायचं. दुसरा म्हणाला उताराला पळायचं, अस्वलाचे केस डोळ्यांवर येतात. तिसरा म्हणाला मेल्याचं सोंग घ्यायचं. हे त्यांना कुणी शिकवलं? आम्हीच. दोन मित्र, एक झाडावर चढतो आणि दुसरा श्वास रोखून पडतो, ही गोष्ट मी स्वतः वर्गात किती वेळा सांगितली आहे. अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारतं असंही लहानपणी ऐकलेलं. ज्या पिढीने दरवेशाचं अस्वल पाहिलं, तिने तर दात काढलेलं, नाकात दोरी ओवलेलं, भेदरलेलं जनावर पाहिलं आणि त्यालाच अस्वल समजली. रानातल्या अस्वलाबद्दल आम्हाला खरी माहिती कुणी दिलीच नाही.

आईच्या अपघातानंतर मी ती शोधत गेले. पुस्तकं वाचली, तुमच्याच विभागातल्या एका जुन्या वनमजुराशी तासन्‌तास बोलले, माझ्या काकांना विचारलं. जे कळलं ते इथे लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत टोपली घेऊन जाणाऱ्या बायकांची शिकलेली मुलंही असतील.

आपलं अस्वल माणसाला खायला येत नाही. त्याचं मुख्य खाणं वाळवी आणि मुंग्या. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि तेव्हा नाकपुड्या मिटून घेतं. हा फुंकण्या-ओढण्याचा आवाज शांत रानात दूरवर ऐकू येतो. त्याशिवाय मध, बोरं, जांभळं, टेंभरं, उंबरं, बहाव्याच्या शेंगा आणि मोहफुलं. म्हणजे ज्या ज्या गोष्टींसाठी आम्ही रानात जातो, त्याच गोष्टींसाठी तेही तिथे येतं. पावसाळ्यात वारुळावर सात्या, म्हणजे रानअळंबी, उगवतात, त्या काढायला आम्ही वारुळाशी जातो आणि तेही वारुळाशीच असतं. त्याचं नाक फार तीक्ष्ण आहे, पण नजर अधू, आणि खाण्यात गुंतलं की कान असून नसल्यासारखे. त्यामुळे माणूस अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही. आणि कळलं की ते पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. ज्या रानात वाघ आहे तिथे ते वाढलंय. वाघापुढे पाठ फिरवून चालत नाही, अंगावर धावून जाऊनच जीव वाचतो, हे त्याच्या रक्तात आहे. मादीच्या पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका. पिल्लं हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि मोहाच्या दिवसांत आईच्या पाठीवर बसून फिरायला लागलेली असतात.

हे एकदा समजलं की पुढचं आपोआप समजतं. अस्वलाला आपण येतोय हे लांबूनच कळलं पाहिजे. चार-पाच जणांनी मिळून जायचं आणि बोलत, गात, काठी आपटत जायचं. आमच्याकडे पूर्वी टपालवाल्या हरकाऱ्याच्या हातात घुंगुरकाठी असायची, ती नुसती शोभेसाठी नव्हती. तशी काठी हातात असावी. ताजं उकरलेलं वारूळ, मोहफुलांनी भरलेली काळपट विष्ठा, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसले तर त्या दिवशी ते झाड सोडायचं. नाल्याकाठची दाट झुडपं, रायमुनियाची (घाणेरीची) जाळी, खडकांच्या कपारी यांच्यात शिरायचं नाही, कारण दिवसा अस्वल तिथेच झोपलेलं असतं. बरेचसे अपघात असे झोपलेल्या अस्वलावर पाय पडण्याइतकं जवळ गेल्याने होतात. कुत्रं बरोबर नेऊ नये. ते अस्वलाला डिवचतं आणि मग घाबरून मालकाकडेच पळत येतं.

अस्वल लांब दिसलं आणि त्याने आपल्याला पाहिलं नसेल तर आल्या वाटेने शांतपणे मागे यायचं. पाहिलं असेल तर पाठ न दाखवता, हळू बोलत, मागे सरकत राहायचं. पळायचं नाही. चढ असो वा उतार, ते आपल्यापेक्षा जोरात पळतं. झाडावरही चढायचं नाही. मधाच्या पोळ्यासाठी ते सहज झाडावर चढतं. आणि अंगावर आलंच, सुटकेचा मार्ग राहिलाच नाही, तर पालथं पडायचं, चेहरा मातीत दाबायचा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफायची आणि कोपरांनी कान झाकायचे. ते निघून जाईपर्यंत हलायचं नाही. अस्वल डोकं आणि तोंड धरतं. तेवढं झाकलं तर जीव आणि चेहरा दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते. म्हणजे त्या गोष्टीतला जमिनीवर पडणारा मित्र अर्धा बरोबर होता. फक्त उताणं पडायचं नाही, हे कुणी सांगितलं नाही. माझी आई उताणी पडली होती.

हे सगळं एका पानावर मावतं. तुमच्या फलकावरही मावलं असतं. साहेब, माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं हेच आहे. ‘जाऊ नका’ म्हटलं की विभागाचं काम संपतं, आणि आम्हाला तर जावंच लागतं.

आता दवाखान्याबद्दल. आईला आम्ही खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. नाल्याजवळ मोबाइलला रेंज नाही, 108 ला फोन करायला काकांना टेकडीवर पळावं लागलं. तोवर जखमेत हळद भरली होती, कारण आम्हाला तेवढंच ठाऊक होतं. खरं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची असते. ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथे टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रेबीजची लसही दिली. पण जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्ध लगेच काम करणारं औषध, तिथे नव्हतं. रानटी जनावराचा चावा सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या वर्गातला धरायचा आणि लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यायचं, ही सरकारचीच मार्गदर्शक सूचना आहे. आम्हाला ते जिल्ह्याच्या ठिकाणी मिळालं, आणि पुढच्या शस्त्रक्रियांसाठी नागपूर गाठावं लागलं. दरवर्षी फाल्गुन येतो, दरवर्षी मोह पडतो, हे काही अचानक आलेलं संकट नाही. मग तो साठा होळीच्या आधी तालुक्यात का पोचू नये?

भरपाईबद्दल थोडक्यात सांगते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर कुटुंबाला 25 लाख रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 मध्ये घेतला, आणि त्यात अस्वलही येतं. जखमींनाही मदत मिळते. आईलाही मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की एक डोळा जाऊनही कागदावर ती ‘गंभीर जखमी’ आहे, ‘कायम अपंग’ नाही. आणि मदत एकदाच मिळते, पण मोडलेला जबडा दरवर्षी दवाखान्यात नेतो.

आणखी एक सांगावंसं वाटतं, कारण ते आमच्या बाजूचं आहे. अस्वल आता गावाजवळ येतं यात आमचाही दोष आहे. देवळात दिव्याचं तेल आणि खोबरं उघडं राहतं, लग्नानंतरचं उष्टं गावाबाहेर फेकलं जातं, आणि अस्वल आलं की शंभर माणसं मोबाइल घेऊन त्याला घेरतात. शेजारच्या छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात चंडीमातेच्या देवळात अस्वलं प्रसाद खायला येतात आणि लोक ते बघायला गर्दी करतात, त्याचे व्हिडिओ आमच्या मुलांच्या फोनवर फिरतात. मुलांना वाटतं, अस्वलाला हाताने नारळ भरवता येतो. तसं करू नये हे मी शाळेत सांगते, पण वर्दीतल्या माणसाने एकदा सांगितलं तर जास्त ऐकलं जाईल.

अस्वल मारा, पकडून न्या, अशी आमची मागणी नाही. ते वाघाइतकंच, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, संरक्षित जनावर आहे. बोराची, जांभळाची, बहाव्याची बी रानभर तेच पसरवतं. आईने रुग्णालयातसुद्धा अस्वलाला शिवी दिली नाही. मी तिची मुलगी आहे, मीही देणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

तो फलक काढा किंवा दुरुस्त करा. त्यावर अस्वलाचं चित्र हवं, मजकूर मराठीत आणि गोंडीत हवा, आणि त्यात ‘टोळीने जा, आवाज करत जा, ताजं वारूळ उकरलेलं दिसलं तर मागे फिरा, पळू नका, अंगावर आलं तर पालथं पडून मान झाका’ एवढं लिहिलेलं हवं. खाली वनविभागाच्या मदतीचा 1926 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे दोन नंबर. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द कुठेही नकोत.

प्राथमिक कृती दलातल्या मुलांना अस्वलाचं वेगळं प्रशिक्षण द्या, आणि मोहाच्या दिवसांत त्यांची रोजी सुरू ठेवा. ती मुलं पहाटे एकदा मोहाच्या झाडांकडे आवाज करत फेरी मारून आली तर मागून जाणाऱ्या बायका निर्धास्त वेचतील. कुठे अस्वलाच्या खुणा दिसल्या ते संध्याकाळी दवंडीने आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळावं. वेचणाऱ्या प्रत्येक टोळीला एक घुंगुरकाठी द्या. बांबू आमच्याकडे आहे, घुंगरं तुम्ही द्या.

गावापासून मोहाकडे आणि तेंदूच्या रानाकडे जाणाऱ्या पायवाटांच्या दोन्ही बाजूंची रायमुनिया काढा. हे काम रोजगार हमीतून होऊ शकतं, ग्रामसभा ठराव द्यायला तयार आहे.

दहा-वीस झाडांखाली मोह झेलायची जाळी बांधून बघा. छत्तीसगडमध्ये अशा जाळ्यांवर स्वच्छ फूल गोळा करतात, त्याला भावही चांगला येतो. जाळीवर पडलेलं फूल ऊन वर आल्यावर काढता येतं, अंधारात मान खाली घालून तासन्‌तास बसावं लागत नाही. जाळी फाटेल, अस्वल जाळीशीही येईल, हे मला कळतं. तरी एक हंगाम करून बघायला हवं. पालापाचोळा जाळण्याची गरजही त्यामुळे कमी होईल, आणि वणव्याची तुमची चिंताही.

आरोग्य अधिकारी साहेबांनी होळीच्या आधी तालुक्याच्या रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिनचा साठा ठेवावा आणि आशाताईंना जखम धुण्याचं प्रात्यक्षिक द्यावं. तेंदूच्या फळीवर ठेकेदाराने हंगामभर एक गाडी आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी, ही अट करारातच घालावी.

पंचनाम्याला येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी सूचना द्या की जखमी माणसाला पहिला प्रश्न ‘कशाला गेला होतात’ हा विचारायचा नाही. ‘आता कसं आहे’ हा विचारायचा.

शाळांसाठी एक. 12 ऑक्टोबर हा 2022 पासून जागतिक अस्वल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तुमचा एक वनरक्षक तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत तासभर यावा. पालथं पडून मान कशी झाकायची हे मी माझ्या मुलांना मैदानावर करून दाखवते. पहिल्या दिवशी ती हसली, आता बरोबर करतात.

यातलं काहीच फार खर्चाचं नाही. बहुतेक गोष्टी तुमच्या आणि पंचायत समितीच्या एका बैठकीत ठरू शकतात, फक्त ती बैठक मोह पडायच्या आधी व्हायला हवी.

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी 9 वाजता आमच्या ग्रामपंचायतीसमोर ग्रामसभा आहे. अस्वलाचा विषय अजेंड्यावर घेतलाय. तुम्ही किंवा तुमचे वनपरिक्षेत्र अधिकारी यावेत, ही विनंती. आई येणार आहे. तिने यंदाची टोपली शेणाने सारवून ठेवली आहे आणि मी कितीही नाही म्हटलं तरी ती जाणार, हे मला माहीत आहे. तिला तुमच्याशी बोलायचंय. आलात तर तिच्या उजव्या बाजूला बसा, डाव्या बाजूचं तिला दिसत नाही.

आपली नम्र,
मोह वेचणाऱ्या बाईची मुलगी